लघुग्रहावर खाण टाकायची तर तो निवडायचा कसा

जळगावात लघुग्रह हा विषय काढला की समोरून पहिला प्रश्न सोन्याचा येतो, सराफ बाजाराचं गाव म्हटल्यावर दुसरं काय येणार. "मग तिकडून सोनं आणता येईल का भो?" आणि त्याच्या मागोमाग व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी ती सायकी नावाच्या लघुग्रहाची पोस्ट, की त्याची किंमत इतके लाख कोटी डॉलर आणि तो आणला तर पृथ्वीवरचा एकूण एक माणूस अब्जाधीश. ती पोस्ट आधी डोक्यातून काढा. नासाचं यान ऑक्टोबर २०२३ मध्ये सायकीकडे निघालंय, २०२९ मध्ये पोचेल, आणि ते खोदायला नाही तर नुसतं बघायला चाललंय. साधारण २२० किमीचा तो गोळा मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यात आहे, आणि त्याची घनता मोजल्यावर तो आख्खा धातूचाच असेल असं आता शास्त्रज्ञसुद्धा छातीठोकपणे म्हणत नाहीत.

इथे मी सांगतोय ते वेगळं काम आहे. घरी बसून, एक लॅपटॉप, नेट आणि एक्सेलची कोरी शीट एवढ्यावर खाण टाकण्यालायक लघुग्रहांची यादी कशी काढायची ते. सगळा डेटा फुकट आहे, लॉगिनसुद्धा लागत नाही. इंजिनीअरिंगच्या पोरांना प्रोजेक्टला चालेल, बाकीच्यांनी मे महिन्यात दुपारी बाहेर ४५ डिग्री असताना पंख्याखाली बसून करावं असं काम आहे.

सुरुवात लघुग्रहापासून करायची नाही, गिऱ्हाइकापासून करायची. काय विकणार आणि कुठे विकणार हे ठरल्याशिवाय यादीला अर्थ नाही. समजा प्लॅटिनम म्हणालात. लोखंडी उल्कांमध्ये प्लॅटिनम टनामागे काही ग्रॅमपासून काही दहा ग्रॅमपर्यंत सापडतं, चांगला माल धरून २० ग्रॅम पकडा. म्हणजे १ किलो प्लॅटिनमसाठी ५० टन लोखंड-निकेल फोडायचं, वितळवायचं, वेगळं करायचं, तेही जिथे वर-खाली असं काही नसतं अशा ठिकाणी. दक्षिण आफ्रिकेच्या बुशवेल्ड या खाणपट्ट्यात टनामागे प्लॅटिनम गटाचे सगळे धातू मिळून ४-५ ग्रॅमच्या आसपास निघतात हे खरं, म्हणजे लघुग्रहाचा माल चारपट सरस, पण तिथे रस्ता आहे, वीज आहे, माणसं आहेत. आणि आतापर्यंत लघुग्रहावरून आणलेला सगळ्यात मोठा माल किती माहितीये का? १२१.६ ग्रॅम. नासाच्या ओसायरिस-रेक्स यानाने बेन्नू या लघुग्रहावरून आणला, २०१६ ला निघालं, सप्टेंबर २०२३ मध्ये कुपी यूटाच्या वाळवंटात उतरली, एकूण खर्च ११६ कोटी डॉलरच्या घरात. त्याआधी जपानच्या हायाबुसा-२ यानाने रयुगू या लघुग्रहावरून ५.४ ग्रॅम आणले होते. सोनं तर लोखंडी उल्केतही टनाला ग्रॅमभर धरा, त्यामुळे सराफ बाजाराने निर्धास्त राहावं.

माझं मत विचाराल तर यादी पाण्यासाठी काढा. पाणी पृथ्वीवर आणायचंच नाही, वरच विकायचं. खालून एक लिटर पाणी वर न्यायचं तर पृथ्वीच्या जवळच्या कक्षेतच किलोमागे हजारो डॉलर पडतात, त्यापुढे चंद्राकडे न्यायचं तर अजून कितीतरी जास्त. आणि पाणी म्हणजे प्यायला तर आहेच पण वीज लावून फोडलं की ९ किलो पाण्यातून १ किलो हायड्रोजन आणि ८ किलो ऑक्सिजन, म्हणजे रॉकेटचं इंधन आणि श्वासाची हवा दोन्ही. गिऱ्हाईक आज आहे का? नाही. वर पाण्याचा पंप काढून बसलेलं कोणी नाही आणि विकत घेणारंही कोणी नाही. २०२० मध्ये नासाने चंद्रावरची माती विकत घ्यायचे करार केले तेव्हा एका कंपनीने १ डॉलरची बोली लावली होती आणि ती मंजूरही झाली, बाजारभाव म्हणायचा तर एवढाच. पण पहिलं गिऱ्हाईक येईल ते पाण्याचं येईल, प्लॅटिनमवाल्याला अख्खा कारखाना वर न्यावा लागेल आणि पाणीवाल्याला तापवायची सोय पुरेल.

आता मालाचा नमुना. खाणवाला नमुना बघितल्याशिवाय पुढे जात नाही, आणि आपल्याकडे नमुने आपणहून आलेत, उल्का म्हणून. खानदेशातही आलाय. १८४३ च्या जूनमध्ये मानेगावला एक दगड पडला, जगभरच्या उल्कांच्या यादीत तो त्याच गावाच्या नावाने नोंदलाय. तो डायोजेनाइट जातीचा आहे, आणि या जातीचे दगड व्हेस्टा या लघुग्रहाच्या कवचातून तुटून आलेत असं मानतात, डॉन यानाने २०११-१२ मध्ये व्हेस्टाभोवती फिरून जे मोजलं ते त्याच्याशी जुळलं. म्हणजे ज्या पट्ट्यात आपण बोअर मारून पाणी शोधतो तिथे व्हेस्टाचा तुकडा येऊन पडलाय. खाणीच्या हिशेबाने मात्र डायोजेनाइट बिनकामाचा, त्यात ना पाणी ना धातू. आपल्याला हवे ते काळे, कार्बनवाले, कॉन्ड्राइट नावाचे दगड, त्यातल्या काही जातींत खनिजांमध्ये बांधलेलं पाणी वजनाच्या १० टक्क्यांच्या वरही असतं. (शेतात खरोखर उल्का सापडली तर ती सोनाराकडे घासून बघायला नेऊ नका, देशात पडलेल्या उल्का भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे जातात, त्यांना कळवा.)

नेटवर या. नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेचा स्मॉल बॉडी डेटाबेस उघडा, आणि दुसऱ्या टॅबमध्ये त्यांच्याच निअर अर्थ ऑब्जेक्ट सेंटरचं एनएचएटीएस नावाचं टेबल. पृथ्वीजवळून जाणारे लघुग्रह आजघडीला ३५ हजारांच्या वर सापडलेत, हे टेबल त्यातले जायला-यायला सोपे तेवढेच गाळून देतं. मुख्य पट्ट्यातले लाखो लघुग्रह सरळ सोडून द्या, तिथे जायचा खर्च परवडत नाही.

सगळ्यात आधी डेल्टा-व्ही बघायचा, म्हणजे यानाला एकूण किती वेग बदलावा लागेल तो आकडा. किलोमीटरमधलं अंतर इथे बघायचं नसतं हे पक्कं लक्षात ठेवा, इंधन जातं ते वेग बदलण्यात. पृथ्वीच्या जवळच्या कक्षेतून चंद्रावर उतरायला साधारण ६ किमी प्रति सेकंद लागतात, रयुगूला पोचायला ४.७ च्या आसपास, बेन्नूला ५.१. म्हणजे कोट्यवधी किलोमीटर लांबचा दगड चंद्रापेक्षा स्वस्त पडतो, कारण चंद्राला गुरुत्वाकर्षण आहे, तिथे उतरताना ब्रेक मारावा लागतो आणि निघताना परत जोर लावावा लागतो. पण एक भानगड आहे. वर दिलेले आकडे नुसतं पोचायचे आहेत, एनएचएटीएसमधला आकडा माणूस नेऊन परत आणायचा, जाऊन-येऊन सगळा. दोन्ही एकाच कॉलममध्ये टाकले की शीट कचऱ्यात. दोन वेगळे कॉलम करा आणि वर स्पष्ट लिहा.

त्याच टेबलमध्ये ओसीसी म्हणून एक कॉलम आहे, ० ते ९. कक्षा किती पक्की माहितीये त्याचा हा मार्क, ० म्हणजे एकदम पक्की, ९ म्हणजे राम भरोसे. ५ च्या वरचे सगळे काढून टाका, कितीही स्वस्त दिसले तरी. स्वस्त दिसणाऱ्यांमध्ये अजून एक गंमत असते, पृथ्वीसारख्याच कक्षेत हळूच फिरणारा एखादा लघुग्रह आपलंच भंगार निघतो. २०२० मध्ये सापडलेला २०२० एसओ शेवटी १९६६ च्या सर्व्हेयर-२ मोहिमेच्या रॉकेटचा रिकामा टप्पा निघाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये २०१८ सीएन४१ हे नाव दिलेला लघुग्रह म्हणजे अंतराळात सोडलेली टेस्ला कार होती, नाव लगेच मागे घेतलं.

आता आकार, इथे जरा थांबून काम करा कारण इथेच बहुतेकांची शीट फसते. डेटाबेसमध्ये आकार बहुतेक वेळा मोजलेला नसतो, एच नावाचा आकडा असतो, म्हणजे दगड मुळात किती उजळ आहे तो. त्यावरून व्यास काढायचा: १३२९ ला अल्बेडोच्या वर्गमुळाने भागायचं, आणि त्याला १० च्या उणे (एच भागिले ५) घाताने गुणायचं, उत्तर किमीमध्ये. अल्बेडो म्हणजे दगड किती टक्के प्रकाश परत फेकतो ते. एच २२ असलेला एक दगड घ्या. अल्बेडो ०.१४ धरला तर वर्गमूळ ०.३७४, १३२९ भागिले ०.३७४ झाले ३५५३, त्याला ०.००००३९८ ने गुणलं की ०.१४१, म्हणजे १४१ मीटर. आता तोच दगड डांबरासारखा काळा निघाला, अल्बेडो ०.०४, तर? २६४ मीटर. व्यास दुप्पटसुद्धा झाला नाही, पण घनफळ साडेसहा पट झालं. एकाच आकड्यावरून तुमची खाण साडेसहा पट लहान किंवा मोठी. म्हणून शीटमध्ये व्यासाचे दोन कॉलम ठेवा, कमीत कमी आणि जास्तीत जास्त, आणि एकच आकडा छातीवर लावून फिरणाऱ्या स्टार्टअपच्या स्लाइडवर विश्वास ठेवू नका. रडारने बघितलेल्या दगडाचंही असं होतं. हायाबुसा-२ ज्याच्याकडे आता चाललंय आणि २०३१ मध्ये पोचणार आहे तो १९९८ केवाय२६ आधी ३० मीटरचा धरला होता, २०२५ मध्ये मोठ्या दुर्बिणींनी नीट बघितल्यावर ११ मीटरच निघाला.

मग प्रकार. सी म्हणजे काळे, कार्बनवाले, पाण्याची शक्यता यांच्यात. एस म्हणजे दगडी, जपानचा पहिला हायाबुसा गेला तो इटोकावा या जातीचा. एम किंवा एक्स म्हणजे धातू असू शकेल, आणि 'असू शकेल' वर भर द्या कारण एक्स हा गाठोड्याचा प्रकार आहे, अल्बेडो माहीत नसेल तर आत काय ते कळत नाही. पृथ्वीवर पडताना बघितलेल्या उल्कांमध्ये लोखंडी जेमतेम ५ टक्के आहेत, म्हणजे धातूवाला दगड मुळात दुर्मीळच समजा. पंचाईत अशी की छोट्या लघुग्रहांपैकी बहुतेकांचा प्रकार कोणी तपासलेलाच नसतो, तो कॉलम रिकामा दिसेल. रिकामा असेल तर रिकामाच ठेवा, मनाने सी लिहू नका. आपल्याकडे यावल-रावेरच्या केळी पट्ट्यात बोअर मारणाऱ्याला हे समजावायला नको, पाणाड्या हातावर नारळ उभा राहिला म्हणून जागा दाखवतो, पण पाणी लागो न लागो गाडीवाल्याला फुटाचे पैसे मोजावेच लागतात.

पुढचा कॉलम फिरण्याचा. दगड स्वतःभोवती किती वेळात फिरतो. २०० मीटरच्या वरचे लघुग्रह सहसा २.२ तासांपेक्षा जोरात फिरत नाहीत, कारण ते सुट्ट्या दगडांचे ढीग असतात आणि त्याहून जोरात फिरले तर विखरून जातील. छोटे दगड मात्र मिनिटांत गिरकी घेतात, वरचा केवाय२६ साधारण ५ मिनिटांत. अशावर उतरणार कसं आणि टिकणार कसं? खाणीसाठी ४ ते १० तासांचा बरा, बेन्नू ४.३ तास, रयुगू ७.६.

आणि एक कॉलम जो मला नेटवरच्या बहुतेक याद्यांमध्ये दिसत नाही, तो म्हणजे परत कधी जवळ येणार. लॉजिक उलटं वाटेल असं आहे. जितकी कक्षा पृथ्वीसारखी तितकं जाणं स्वस्त, पण तितकीच भेट उशिरा, कारण दोघं जवळजवळ एकाच चालीने चाललेत, एकाने दुसऱ्याला गाठायला वर्षं लागतात. बेन्नूचं वर्ष ४३७ दिवसांचं. ४३७ ला ४३७ वजा ३६५, म्हणजे ७२ ने भागा, ६ आलं. म्हणजे दर ६ वर्षांनी एकदा सोयीची वेळ. रयुगूचं वर्ष ४७४ दिवसांचं, तिथे सव्वाचार-साडेचार वर्षं. आता बँकेत जाऊन सांगा की माल वर्षातून नाही, सहा वर्षांतून एकदा येईल आणि हप्ता दर महिन्याला भरायचाय. मला विचाराल तर हा धंदा अडलाय तो जास्त करून या आकड्यापायी, तंत्रज्ञान त्याच्या नंतर येतं.

एवढं झालं की शीटमध्ये हजारांपैकी थोडेच उरतील. उरलेल्यांवर खोदायचं कसं याचा विचार करा, कारण त्यावरूनही एखाद-दोन गळतात. बेन्नूवर सुटून निघायला सेकंदाला २० सेंटीमीटरचा वेग पुरतो, म्हणजे ड्रिल दाबलं की दगडात जायच्या ऐवजी मशीनच वर उडतं. २०१४ मध्ये फिली नावाचं यान धूमकेतूवर उतरलं तेव्हा त्याचे जमिनीत रुतवायचे भाले सुटलेच नाहीत, ते उडालं, टप्पे खात कुठल्यातरी कड्याच्या सावलीत जाऊन पडलं आणि उन्हाअभावी बॅटरी संपली. ओसायरिस-रेक्सचा अनुभव अजून बोलका आहे. २० ऑक्टोबर २०२० ला त्याने यांत्रिक हात लावला तर पृष्ठभाग इतका सैल की हात अर्धा मीटर आत गेला, इंजिन मारून मागे फिरलं नसतं तर अजून बुडालं असतं, आणि माल इतका भरला की झडपेत दगड अडकून झडप उघडी राहिली आणि खडे बाहेर सांडायला लागले. खाली आल्यावरही डब्याचे दोन स्क्रू निघेनात, खास हत्यार बनवून जानेवारी २०२४ मध्ये उघडले. कोट्यवधी डॉलरची मोहीम आणि अडली कुठे तर दोन स्क्रूंवर, गॅरेजवाल्यांना हे ऐकून बरं वाटेल.

त्यामुळे ड्रिल-बिल विसरा, सध्या ज्या आयडियात दम वाटतो ती पिशवीची. छोटा दगड मोठ्या पिशवीत घ्यायचा, तोंड आवळायचं, आरशांनी ऊन एका जागी आणून दगड तापवायचा, काहीशे डिग्रीला खनिजातलं पाणी वाफ होऊन निघतं, ती वाफ थंड बाजूला गोठवायची. ट्रान्सअ‍ॅस्ट्रा ही कंपनी याला ऑप्टिकल मायनिंग म्हणते. ऊन तिकडे भरपूर, पृथ्वीच्या अंतरावर चौरस मीटरला १३६१ वॉट, ढग नाहीत. १०० चौरस मीटरचे पॅनेल लावले आणि ३० टक्के वीज पकडली तर ४० किलोवॉट, पाणी फोडायला किलोमागे ५ युनिट धरले तर तासाला ८ किलो पाणी फुटेल. १०० टन दगडातून ५ टक्क्यांनी ५ टन पाणी निघालं तर ते फोडायला महिन्याच्या आत काम होतं. म्हणजे वीज ही अडचण नाही. अडचण दगडाची, पिशवीत मावेल असा हवा, १० मीटरच्या आतला, आणि तेच दगड सगळ्यात कमी माहितीचे आणि सगळ्यात जोरात फिरणारे. २०१२ मध्ये अमेरिकेत केक इन्स्टिट्यूटने ७ मीटरचा, ५०० टनाचा दगड पिशवीत घालून चंद्राजवळ आणायचा हिशेब केला होता, २६० कोटी डॉलर. नासाने त्यावरून योजना आखली आणि २०१७ मध्ये गुंडाळली.

कंपन्यांचं काय झालं तेही शीटच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. प्लॅनेटरी रिसोर्सेसने २०१२ मध्ये गाजावाजा केला, २०१८ मध्ये एका ब्लॉकचेन कंपनीने ती विकत घेतली. डीप स्पेस इंडस्ट्रीजही पुढच्याच वर्षी विकली गेली. आता अ‍ॅस्ट्रोफोर्ज आहे, त्यांचं ओडिन यान फेब्रुवारी २०२५ मध्ये उडालं आणि थोड्याच वेळात संपर्क तुटला.

कायद्याचं थोडक्यात. १९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार कुठलाही देश लघुग्रहाचा सातबारा आपल्या नावावर करू शकत नाही. पण काढलेला माल कोणाचा, यावर अमेरिकेने २०१५ मध्ये, लक्झेंबर्गने २०१७ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये कायदे करून सांगितलं की काढणाऱ्याचा. आपल्याकडे २०२३ च्या अवकाश धोरणात खाजगी कंपनीला लघुग्रहावरचा माल काढायची, बाळगायची आणि विकायची मुभा लिहिलेली आहे, परवानगी अहमदाबादच्या इन-स्पेस या सरकारी संस्थेकडून. पण ते धोरण आहे, कायदा नव्हे, गुंतवणूकदार विचारेल तेव्हा हा फरक सांगावा लागेल.

शीट तयार झाली की तिच्यातले रिकामे कॉलम भरायला हात लावता येतो. लघुग्रह शोधायच्या आयएएससी नावाच्या मोहिमेत शाळा-कॉलेजच्या टीमना फुकट प्रवेश असतो, हवाई बेटांवरच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीचे फोटो पाठवतात, अ‍ॅस्ट्रोमेट्रिका सॉफ्टवेअरमध्ये एकाच जागेचे चार फोटो एकामागून एक फिरवायचे आणि कुठला ठिपका सरळ रेषेत, सारख्या वेगाने सरकतोय ते शोधायचं. इथे घाई करणारे हमखास कॅमेऱ्याच्या डागाला लघुग्रह ठरवतात, म्हणून चारही फोटोंत ठिपक्याचा आकार आणि उजेड सारखा आहे का ते आधी बघा आणि मगच रिपोर्ट पाठवा. स्वतःची ८-१० इंची दुर्बीण आणि कॅमेरा असेल तर हिवाळ्यात तोरणमाळला किंवा सातपुड्यात पालकडे जा, जळगाव-भुसावळच्या उजेडात जमणार नाही, आणि एखादा उजळ लघुग्रह धरून रात्रभर त्याचे फोटो काढा, उजेड कमी-जास्त होतो त्यावरून फिरण्याचा वेळ निघतो. एच २२ वाला त्या दुर्बिणीत एरवी दिसणार नाही, तो पृथ्वीच्या अगदी जवळून जाईल तेव्हाच सापडेल, म्हणून शीटमधल्या प्रत्येक नावासमोर पुढच्या जवळच्या भेटीची तारीख जेपीएलच्या साइटवरून आत्ताच टाकून ठेवा.